मोजमाप कोणासाठी?

‘हेलो ३’ हा व्हिडिओ-खेळ २००७ साली बाजारात आला. त्याआधी सुमारे ६०० जणांना तो मायक्रोसॉफ्टच्या प्रयोगशाळेत खेळायला दिला होता. खेळातील सैनिक कोठे मरतो, याच्या नोंदी नकाशावर मांडताच रचनेतील दोष उघडे पडले आणि ते सुधारता आले. ही शास्त्रीय रीतच होय. पण आता अशा नोंदी घरोघरी, खेळ चालू असतानाच घेतल्या जातात. मुले खेळ केव्हा सोडतात हे कळले, की नेमके तेथेच बक्षीस ठेवून त्यांना रोखूनही धरता येते! आकडे खेळाडू कोठे थांबला ते सांगतात; त्याला थांबू द्यावे की नाही, हे माणसाने ठरवायचे असते. विद्यार्थीमित्रांनो, कंपनी तुमची नोंद ठेवते. तुम्हीही आठ दिवस ठेवून पाहा. खेळ किती वाजता थांबवायचे ठरवले होते आणि प्रत्यक्षात केव्हा उठलात?