फवारणीआधी भिंग

गेल्या वर्षी दिवाळी संपता संपता लोहा तालुक्यातलं एक जोडपं दवाखान्यात आलं. दोघांच्याही मानेवर, पोटावर आणि दंडांवर लाल पुरळ, काही पुरळांच्या टोकाला टाचणीएवढा पाण्याचा फोड. खाजेमुळे चार रात्री झोप नव्हती. गावातल्या मेडिकलवरून दोन ट्यूबा आणून लावून झाल्या होत्या. एकीत स्टेरॉइड होतं, त्यामुळे दोन दिवस बरं वाटलं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

"खरूज असंल, डॉक्टरसाहेब," तो म्हणाला. पण बोटांच्या बेचक्यात काही नव्हतं, मनगटावर खरजेची वळवळीत रेघ नव्हती. शिवाय घरात म्हातारी आई आणि दोन लेकरं एकाच अंथरुणात झोपणारी, त्यांच्या अंगावर एक पुरळ नाही. खरूज असं सोडत नाही. मी विचारलं, तुम्ही दोघंच जाता आणि बाकीचे जात नाहीत, अशी जागा कोणती? उत्तर आलं, रेशमाचं शेड. आणि शेडात एवढ्यात नवीन काय आणलंय? यावर तो गप्प बसला, बायको बोलली. भाव नाही म्हणून वेचलेला कापूस शेडला लागून टाकलाय, वर सोयाबीनचं भुसकट. "अन् अळ्या बी मरायलेत. काळे ठिपके पडून."

त्याने कृषी सेवा केंद्रातून कीटकनाशकाची बाटली आणून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी शेडात फवारायचं ठरलं होतं.

आपल्याकडे शेतकरी ज्याला 'कोळी' किंवा 'लाल कोळी' म्हणतो, ती वांगी-मिरचीच्या पानांवरची कीड म्हणजे माइट. मराठीने इथे शास्त्राशी इमान राखलंय. माइट हा कीटक नाहीच. त्याला आठ पाय असतात आणि तो जाळं विणणाऱ्या कोळ्याचा, गोचिडीचा चुलतभाऊ. यांतलीच पायमोटिस नावाची एक जात अळ्यांवर जगते. तिची मादी मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढी, म्हणजे नुसत्या डोळ्यांना जवळजवळ न दिसणारी. साठवलेल्या धान्यात, कापसाच्या सरकीत, गवतात, भुसकटात ज्या बारीक अळ्या असतात, त्यांना ती डंख करून लुळं करते आणि त्यांच्यावर पोसते. मग तिचं पोट फुग्यासारखं फुगतं आणि त्यातून शंभर-दोनशे पिल्लं थेट वयात आलेलीच बाहेर पडतात. शेंदरी बोंडअळी ही तिची आवडती शिकार. कापूस घरात येतो, सरकीत दडलेली बोंडअळी त्याच्याबरोबर येते आणि बोंडअळीमागून ही.

त्या ढिगाशेजारी पन्नास हजार रेशीम अळ्या रॅकवर आयत्या पसरलेल्या असतील, तर तिला आणखी काय हवं? चीन-जपानच्या रेशीम उत्पादकांना ही जात फार पूर्वीपासून ठाऊक आहे. संगोपनगृहाजवळ कापूस आणि पेंढा ठेवू नका, हा तिकडचा जुना नियम. माणसाच्या अंगावर ती राहू शकत नाही, वाढू शकत नाही. पण वाटेत आलेल्या माणसाला चावते. चावल्यावर खाज लगेच सुटत नाही, दहा-बारा तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी सुटते. म्हणून दुपारी केलेल्या कामाचा आणि पहाटेच्या खाजेचा संबंध कुणाच्या ध्यानात येत नाही. ढीग हलवला, अंघोळ केली, कपडे गरम पाण्यात धुतले, खाज कमी करणारी साधी गोळी घेतली, की आठ-पंधरा दिवसांत सगळं निवतं. खरजेचं मलम घरातल्या सगळ्यांनी अंगभर लावायचं कारणच नसतं.

त्यांचा आजार तेवढाच होता. मला काळजी वाटली ती त्या बाटलीची.

परदेशात, आणि आता आपल्या मोठ्या शहरांतही, टॅरंटुला जातीचे मोठे कोळी काचेच्या पेटीत पाळणारे हौशी लोक आहेत. त्यांच्या पेटीत पांढरे बारीक माइट झाले, की कोळ्याच्या पेटीत कोळी असा मामला होतो. नवखा हौशी पहिल्यांदा फवारा शोधतो आणि स्वतःचाच कोळी मारून बसतो. अनुभवी माणूस पेटीत न खाल्लेली झुरळं-टोळ राहिलेत का ते बघतो, ते काढतो, ओली माती बदलतो, हवा खेळती करतो. कारण ते माइट बहुतेक वेळा कोळ्यावर नव्हे, तर कुजक्या उरल्यासुरल्यावर आणि ओलीवर जगत असतात. हा छंद मला फारसा कळत नाही, पण त्यातलं हे शहाणपण लातूर-नांदेडच्या रेशीम शेडाला तंतोतंत लागू पडतं. फरक एवढाच, की तिकडे हौस बुडते आणि इकडे महिनाभराचं उत्पन्न.

रेशमाची अळी हाही कीटकच आहे. हजारो वर्षं माणसाने तिला पाळलं, तिच्या पतंगाची उडण्याची ताकदसुद्धा गेली. विषाशी झगडण्याची तयारी तर तिच्याकडे फारच थोडी. आपल्या भागात सोयाबीन, तूर आणि कपाशीवर सर्रास वापरलं जाणारं क्लोरॲन्ट्रानिलीप्रोल तुतीच्या पानावर नावापुरतं उडालं तरी अळ्या खाणं सोडतात. पायरीप्रॉक्सीफेनसारख्या औषधाने अळी मरत नाही, पण कोषच विणत नाही. शेवटच्या दिवसापर्यंत पाला घालूनही हाती काही येत नाही. डासांच्या कॉइलचा धूर अळ्यांना बाधतो. तंबाखू मळलेल्या हाताने पाला टाकला तरी निकोटिन आपलं काम करतं. (हे सांगितल्यावर त्या शेतकऱ्याने हात पाठीमागे नेला.) आणि गंमत अशी, की कीटकांसाठी बनवलेली बरीच औषधं माइटवर नीट चालतच नाहीत. पायरेथ्रॉइड गटातलं औषध मारल्यावर पिकातली लाल कोळी उलट वाढते, हे कोणताही कृषी पदवीधर सांगेल. म्हणजे शेडात ती बाटली रिकामी झाली असती तर अळ्या गेल्या असत्या आणि माइट कदाचित उरले असते.

शेड कोरडं ठेवा, असं नुसतं सांगूनही भागत नाही. बाल्यावस्थेतल्या अळ्यांना ऐंशी टक्क्यांच्या आसपास दमटपणा लागतो, मोठ्या झाल्यावर सत्तर. म्हणजे ज्या हवेत अळी सुखी, त्याच हवेत बुरशी आणि माइटही सुखी. म्हणून इथे उपाय कंटाळवाणे आहेत. अळ्या कात टाकायला बसल्या की बेडवर चुन्याची निवळ भुकटी भुरभुरायची, उरलेला पाला आणि विष्ठा वेळेवर काढायची. मेलेल्या अळ्या उकिरड्यावर न टाकता चुना टाकून खोल पुरायच्या. बॅच संपल्यावर रॅक, चंद्रिका आणि भिंतींच्या फटी धुऊन निर्जंतुक करायच्या. उझी माशीचंही तेच. ती 1980 साली कर्नाटकात पोचली आणि तिथल्या रेशीम शेतकऱ्यांना जेरीला आणलं. अळीच्या अंगावर अंडं घालते, त्या जागी काळा डाग पडतो, आतला किडा अळी खाऊन बाहेर येतो आणि जमिनीच्या फटीत कोष करून बसतो. तिच्यावर सगळ्यात भरवशाचा इलाज अजूनही दारा-खिडक्यांची जाळी आणि बुजवलेली फट हाच आहे.

एकोणिसाव्या शतकात फ्रान्सचा रेशीम धंदा पेब्रिन रोगाने उद्ध्वस्त होत होता. 1865 साली सरकारने लुई पाश्चर यांना दक्षिणेतल्या आलेस गावी पाठवलं. त्यांना रेशीम अळीबद्दल काहीही माहीत नव्हतं. पाच वर्षं ते त्या कामात होते, मधे 1868 मध्ये पक्षाघाताचा झटका आला तरी काम सोडलं नाही. एवढ्या खटपटीनंतर त्यांनी कुठलं औषध दिलं? दिलंच नाही. त्यांनी पद्धत दिली. अंडी घातल्यावर मादी पतंग कुटायचा, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, रोगाचे कण दिसले की तिची अंडी फेकून द्यायची. आज नांदेडच्या शेतकऱ्याला मिळणारे अंडीपुंजसुद्धा याच तपासणीतून येतात. त्याच्याही आधी, 1835 साली, इटलीतल्या आगोस्तिनो बास्सी यांनी दाखवलं होतं, की रेशीम अळ्यांचा मस्कार्डिन रोग एका बुरशीमुळे होतो. सूक्ष्मजीवामुळे प्राण्याला रोग होतो हे अशा रीतीने प्रथम सिद्ध झालं ते अळीवर. आम्हा डॉक्टरांची जंतूंची सगळी विद्या या शेडांचं देणं लागते.

म्हणून माझी तक्रार आहे. मराठवाड्यात रेशीम वाढावं असं मलाही वाटतं. ज्या लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे उसापेक्षा कमी पाण्यावर येणारी तुती हा शहाणा पर्याय आहे. मनरेगातून तुती लागवडीला आणि संगोपनगृहाला मदत मिळत आली आहे, महारेशीम अभियानातून नवे शेतकरी नोंदवले जातात. पण सगळा हिशोब एकरांचा आणि शेडांचा. रात्री अळ्या मरायला लागल्या तर सकाळी कुणाकडे जायचं, याचं उत्तर शेतकऱ्याजवळ एकच असतं. सगळ्यात जवळचं, उघडं असलेलं कृषी सेवा केंद्र. दुकानदाराला दोष देऊन काय उपयोग? त्याच्याकडे बाटलीच आहे, तो बाटलीच देणार.

तालुक्याच्या गावी आठवडी बाजाराच्या दिवशी एक सूक्ष्मदर्शक आणि तो वापरता येणारा एक माणूस बसवायला फार पैसे लागत नाहीत. लातूरला कृषी महाविद्यालय आहे, परभणीला विद्यापीठ आहे, तिथे कीटकशास्त्र शिकणारी पोरं आहेत. शेडाचं अनुदान देताना जाळी आणि निर्जंतुकीकरण यांना भिंतींइतकंच वजन द्यावं. गावातल्या गावात तर त्याहून सोपं करता येईल. शेजारी फवारणार असेल तर आदल्या दिवशी निरोप द्यावा. त्या बांधाकडचा पाला सरसकट न घालता आधी मूठभर अळ्यांना घालून बघावा, मग बाकीच्यांना. आणि आमच्या व्यवसायातल्या लोकांनी खाजेच्या रुग्णाला मलम लिहून देण्याआधी दोन प्रश्न जास्त विचारावेत. काम काय करता, आणि घरात-गोठ्यात काय साठवलंय.

त्या जोडप्याने बाटली उघडली नाही. कापूस दुसऱ्या खोलीत हलवला, भुसकट बाहेर काढलं. खाज दहा दिवसांत गेली. बॅच मात्र निम्मी गेली. मेलेल्या अळ्या मी मागितल्या होत्या, पण तोवर त्या खतात गेल्या होत्या, त्यामुळे खात्री करता आली नाही. पुढच्या वेळी एक बाटली स्पिरिट घरात ठेवा आणि संशयास्पद अळी त्यात टाकून आणा, एवढं सांगून ठेवलं. फेब्रुवारीत बाई एकटीच आली. पिशवीत खोकल्याच्या औषधाची धुतलेली बाटली, आत तीन अळ्या. भिंगाखाली धरल्या. तिन्हींच्या कुशीवर काळा डाग होता, माइट एकही नाही. "उझी," मी म्हणालो. "मंग जाळी फाटली असंल खालच्या बाजूला," ती म्हणाली, आणि फी विचारून लगेच निघाली.