पंधरा दिवस एकाच गावात

आमचा एक सिनियर आणि वहिनी पाठीवर सॅक टाकून थेट ब्युनॉस आयर्सला गेले आणि चक्क पंधरा दिवस तिथंच राहिले. हॉस्टेलवर सगळ्यांचं एकच, "पगार किती रे त्याचा?" मला मात्र ते 'राहिले' याचंच कौतुक. रविवारी सान तेल्मोचा जुन्या वस्तूंचा बाजार, १९१३ सालची भुयारी रेल्वे, रात्री दहाला जेवण (आपली मेस तेव्हा कधीच बंद!).

आणि आपण? उमरोळीत चार वर्षं काढतो, पण स्टेशन, कॉलेज, हॉस्टेल सोडून चौथी जागा माहीत नाही. शनिवारी विरारची लोकल दिसली की पळालोच. सातपाटीला जायला व्हिसा लागत नाही, तरी बंदरात मासळी उतरताना किती जणांनी पाहिली? मीही नाही. येत्या रविवारी जातोय. कोण येतंय?