पाचपट, पण कशाच्या?

जिल्ह्याजिल्ह्यातल्या बैठकांत अलीकडे एक प्रश्न हमखास येतो. "आपण बुलेट ट्रेनच्या बाजूचे की विरोधातले?" विचारणाऱ्याला एका शब्दात उत्तर हवे असते. ते एका शब्दात देता येत नाही, म्हणून हा लेख.

आधी वस्तुस्थिती पाहू. मुंबई-अहमदाबाद मार्ग ५०८ किलोमीटरचा. त्यातला सुमारे १५६ किलोमीटर महाराष्ट्रात, बाकी जवळजवळ सगळा गुजरातेत. स्थानके १२, त्यांतली मुंबई, ठाणे, विरार आणि बोईसर ही चार आपल्याकडची. १४ सप्टेंबर २०१७ रोजी साबरमतीला भूमिपूजन झाले. तेव्हा खर्चाचा अंदाज १ लाख ८ हजार कोटींचा होता. त्यातले सुमारे ८१ टक्के जपानचे कर्ज, व्याज ०.१ टक्का, फेड ५० वर्षांत. कंपनीच्या भांडवलात केंद्राचे १० हजार कोटी, गुजरात आणि महाराष्ट्राचे प्रत्येकी ५ हजार कोटी. म्हणजे यवतमाळचा कापूसवाला जन्मात कधी बोईसरला उतरणार नसला, तरी त्याचा पैसा या गाडीत आहे. सुरुवातीला पूर्णतेसाठी २०२२-२३ च्या तारखा सांगितल्या गेल्या. आता सुरत-बिलिमोरा हा पहिला तुकडा २०२७ साली सुरू करू असे सांगितले जाते. खर्चाचा अंदाजही मूळ आकड्याच्या दुपटीजवळ गेला आहे.

इतके सांगितले की श्रोत्यांना वाटते, आता हा विरोधात बोलणार. तसे नाही. तंत्रज्ञानाला शिव्या घालणारे दुकान आपल्याला चालवायचे नाही. बियाण्यात नवे तंत्र हवे म्हणून भांडणारा शेतकरी रेल्वेतले नवे तंत्र नको म्हणेल, तर तो स्वतःलाच खोटे पाडेल. १९६४ साली टोकियो-ओसाका गाडी सुरू झाली. तिचाही खर्च अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट झाला होता. त्यापायी जपानी रेल्वेच्या प्रमुखांना गाडी सुरू होण्याआधीच पायउतार व्हावे लागले. पण गाडी टिकली आणि कमाईची ठरली. वेग वाईट नसतो. वेगाची किंमत कोणाकडून वसूल होते, हा प्रश्न आहे.

गावात अधिकारी येतात ते एक शब्द घेऊन: "पाचपट." पालघर, डहाणू, तलासरी, वसईच्या गावांनी तो पुष्कळ ऐकला. ही पाचपट येते कुठून? २०१३ चा भूसंपादन कायदा सांगतो की मागच्या तीन वर्षांत आसपास झालेली खरेदीखते पाहा, त्यातली चढ्या भावाची निम्मी घ्या, त्यांची सरासरी काढा. तो किंवा सरकारी मूल्यदर, जो जास्त असेल तो बाजारभाव. ग्रामीण भागात त्याला दोनपर्यंत गुणायचे. त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम, म्हणजे चौपट. संमतीने थेट खरेदीखत करून दिले तर आणखी २५ टक्के. चार अधिक एक, पाच. हिशेब चोख आहे. कायदा १८९४ च्या इंग्रजी कायद्यापेक्षा खूप बरा आहे, हेही कबूल केले पाहिजे.

पण पाचाने गुणायचा तो मूळ आकडा कोणी ठरवला? बाजाराने, असे उत्तर मिळते. आपल्याकडे शेतजमिनीला बाजार आहे कुठे? शेतकरी नसलेल्याने शेतजमीन घ्यायची नाही, हा कुळकायदा. इतक्या एकरांपेक्षा जास्त ठेवायची नाही, हा कमाल जमीन धारणेचा कायदा. शेतीखेरीज दुसरा वापर करायचा तर बिनशेतीच्या परवानगीसाठी वर्षानुवर्षे जोडे झिजवा. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला द्यायची तर सरकारची मंजुरी. यातले काही कायदे चांगल्या हेतूने झाले असतील. पण परिणाम सगळ्यांचा एकच: गिऱ्हाईक कमी, भाव कमी. आधी हातपाय बांधायचे, मग शर्यतीत हरला म्हणून दर ठरवायचा आणि वर ऐकवायचे की बघा, पाचपट दिले!

यातली गोम गुजरात सरकारनेच उघड केली. तिथल्या जंत्रीचे, म्हणजे सरकारी मूल्यदराचे, २०११ सालचे आकडे २०२३ पर्यंत तसेच चालले. २०२३ मध्ये सरकारने ते एका फटक्यात दुप्पट केले. मधल्या काळात काय झाले? बुलेट ट्रेनसाठी गुजरातेतली बहुतेक सगळी जमीन घेऊन झाली. सुरत भागातले शेतकरी हाच मुद्दा घेऊन उच्च न्यायालयात गेले होते. शंभरावर याचिका सप्टेंबर २०१९ मध्ये फेटाळल्या गेल्या. संपादनापूर्वी सामाजिक परिणामांची पाहणी करण्याची अट गुजरातने २०१६ मध्ये कायदा दुरुस्त करून अशा प्रकल्पांपुरती उठवलीच होती. केंद्राच्या कायद्याने दिलेले राज्याने काढून घेतले.

आता जरा शेतात उतरू. मी कृषी महाविद्यालयात शिकलो, तिथे मातीचे वर्ग मातीवरून शिकवतात. सातबाऱ्यावर जमिनीचे वर्ग महसुलावरून पडलेले असतात. पालघरच्या डोंगरउतारावरची वरकस जमीन दप्तरी सर्वांत हलकी. त्याच वरकसावर वारली कुटुंबाची नागली, वरई, गुरांचे गवत, मोहाची आणि ताडाची झाडे. वर्षातले काही महिने घर तिच्यावर चालते. पण त्या उत्पन्नाची पावती नाही, म्हणून हिशेबात धरायला काही नाही. ज्यांचे वनपट्टे मंजूर होऊन सातबाऱ्यावर चढलेले नाहीत, त्यांचा तर मूळ आकडाच शून्य. शून्याला पाचाने गुणून काय येते, हे शाळेतले पोर सांगेल.

खाली उतरले की भाताची खाचरे. पाणी वरच्या खाचरातून खालच्यात, बांधाबांधाने उतरत जाते. या मार्गाचा बहुतेक भाग खांबांवर आहे. त्यामुळे मातीच्या भरावापेक्षा जमीन कमी लागते आणि पाणी कमी अडते, हे खरे आहे. तो निर्णय चांगलाच. पण खांब उभे करायला अवजड गाड्यांचा रस्ता लागतो. भारी काळ्या जमिनीवर ओलीत अशा गाड्या फिरल्या, की नांगराच्या खोलीखाली कडक थर धरतो. जमीन तात्पुरत्या भाड्याने घेतली आणि परत दिली, तरी तो थर परत घेतला जात नाही. पुढची काही पिके मार खातात. भाडे मात्र ताबा सुटला त्या दिवशी बंद.

डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिथल्या वाड्यांत कालीपत्तीची कलमे खिरणीच्या खुंटावर बांधलेली असतात. हेक्टरी शंभराच्या आसपास झाडे. सात-आठ वर्षे सांभाळल्यावर झाड भरीला येते आणि पुढे दोन पिढ्या फळ देते. अशा वाडीतून पट्टा गेला की झाडे मोजून पैसे मिळतात. पण विहीर पट्ट्याच्या एका बाजूला आणि उरलेली झाडे दुसऱ्या बाजूला राहिली, तर त्या झाडांचे काय? ती मोजणीत येत नाहीत. ज्या सरकारने १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा करून शेतकऱ्याला तुकडे पाडायला मनाई केली, तेच सरकार नकाशावर रेघ मारून पाच-पाच गुंठ्यांचे तुकडे पाडते. आणि उरलेला तुकडा विकायला गेले की तोच कायदा आडवा येतो.

काही मंडळी विचारतील, मग पुष्कळांनी राजीखुशीने सह्या का केल्या? केल्या, हे खरे आहे. त्यांना नावे ठेवू नका. ज्याला शेतीतून बाहेर पडायचे आहे त्याला पडता आले पाहिजे, हे आपणच सांगत आलो आहोत. पण ही खुशी तयार कशी झाली तेही पाहा. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली ती मे २०२४ मध्ये उठली. त्याआधी ऑगस्टपासून ४० टक्के निर्यातशुल्क होतेच. हंगाम बुडवायचा, कर्ज थकवायला लावायचे, आणि मग दारात धनादेश घेऊन उभे राहायचे. पाण्यात बुडणाऱ्याने काडी धरली तर त्याला काडी आवडते असे म्हणत नाहीत. शेती फायद्यात असताना शेतकरी जो भाव मागेल तो जमिनीचा खरा भाव. तो अजून कोणी विचारलेला नाही.

दुसरा मुद्दा नफ्याचा. स्थानक आले की भोवतालची जमीन सोन्याची होते. जपानच्या रेल्वे कंपन्या तिकिटांखेरीज स्थानकाभोवतालच्या दुकानांतून आणि इमारतींतूनही कमावतात. आपल्याकडेही विरार-बोईसरच्या भोवती नवी नगरे वसवण्याची भाषा आहे. शेतकऱ्याला भाव कालचा मिळतो आणि चढती उद्याची दुसऱ्याच्या खिशात जाते. यावर उपाय नाही असे नाही. जानेवारी १९८४ मध्ये उरण भागात गोळीबार झाला, पाच जणांचे बळी गेले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व सरकारला मान्य करावे लागले. पुण्याजवळ मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांनी तर सुमारे चारशे एकर एकत्र करून स्वतःची कंपनी काढली आणि जमीन विकण्याऐवजी भागधारक झाले. शेतकऱ्याला व्यवहार कळत नाही म्हणणाऱ्यांनी तिथे जाऊन यावे.

आणि जपानचेच नाव घ्यायचे तर पुरते घ्या. टोकियोजवळ सानरिझुकाच्या शेतकऱ्यांना न विचारता १९६६ साली त्यांच्या जमिनीवर नारिताचा विमानतळ ठरवला गेला. पुढची कित्येक वर्षे पोलीस आणि शेतकरी एकमेकांवर तुटून पडत राहिले. दोन्हीकडची माणसे मेली. त्या विमानतळाला जोडणारी द्रुतगती रेल्वे अर्ध्यावर सोडावी लागली. शेवटी १९९० च्या दशकात सरकार चर्चेला बसले, चूक कबूल केली आणि पुढची जमीन जबरदस्तीने घेणार नाही असे मान्य केले. आपण जपानचे कर्ज आणले, रूळ बसवण्याची पद्धत आणली. हा धडा मात्र त्यांच्याकडेच राहिला. उलट उदाहरण चीनचे. तिथे २००८ नंतर ४५ हजार किलोमीटरच्या वर द्रुतगती मार्ग झाले, आणि आपले बाबूलोक त्याचे कौतुक करताना थकत नाहीत. तिथे जमीन शेतकऱ्याच्या मालकीची नसते, हे त्या कौतुकात येत नाही. आपल्याकडे मालकी आहे, पण १९७८ च्या घटनादुरुस्तीने तिचा मूलभूत हक्क काढून घेतलेला आहे. मालक कागदावर.

आपल्या मालाचे काय? चिकू, कांदा, डाळिंब ताशी ३२० किलोमीटरने जाणार नाहीत आणि जायची गरजही नाही. मालगाडीचा सरासरी वेग ताशी २५ किलोमीटरच्या आसपास घुटमळतो. तो ६० झाला तरी शेतकरी दुवा देईल. ७ ऑगस्ट २०२० ला देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल गेली, तेव्हा नाशिक-सोलापूरच्या शेतकऱ्याने ती भरून दाखवली. रेल्वे प्रवाशांचा तोटा मालवाहतुकीच्या कमाईतून भरते. म्हणजे खताच्या आणि धान्याच्या भाड्यातून शहरी प्रवास स्वस्त होतो. वेगाचा पहिला हक्क भाडे भरणाऱ्याचा.

हे सगळे आज का? पालघरचे संपादन संपले आहे. जानेवारी २०२४ मध्ये रेल्वेने शंभर टक्के जमीन ताब्यात आल्याचे जाहीर केले. पण २०२६-२७ च्या अर्थसंकल्पात सात नवे द्रुतगती मार्ग सांगितले आहेत. त्यांत मुंबई-पुणे आणि पुणे-हैदराबाद आहेत. उद्या आखणीचे दगड पुण्यापासून पूर्वेकडच्या शिवारांत पडतील. दगड पडल्यावर जागे होण्यात अर्थ नाही. आत्ताच बैठकीत ठराव करा:

१. आखणीचा नकाशा मोजणीआधी ग्रामसभेत लावावा. अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेशी खरी चर्चा व्हावी, सह्यांची वही फिरवून नव्हे.

२. ज्या कामासाठी जमीन घेतली जाते, त्या कामाचा बिनशेती भाव हाच मूळ आकडा धरावा.

३. पट्ट्यामुळे निकामी होणारा तुकडा, विहीर आणि पाट यांची भरपाई मागणीनुसार द्यावी.

४. स्थानक परिसरात विकसित जमीन किंवा भाग, यांपैकी शेतकरी निवडेल ते द्यावे.

५. तात्पुरत्या जमिनीचे भाडे पीक पूर्ववत येईपर्यंत चालू ठेवावे.

यातली एकही मागणी गाडी अडवणारी नाही. गाडी धावू दे, ताशी ३२० ने धावू दे. पण तिच्या तिकिटाचा जो भाग आजवर शेतकऱ्याच्या सातबाऱ्यातून कापला गेला, तो यापुढे प्रवाशाने आणि सरकारने भरावा. पुढच्या बैठकीला येताना आपापल्या गावातली मागच्या तीन वर्षांची खरेदीखते दुय्यम निबंधकाच्या कचेरीतून काढून आणा. मूळ आकडा आपल्या हातात असला, की पाचपट कशाच्या हे विचारता येते.