गुंठ्याचा हिशेब

महाराष्ट्रातील कोणत्याही वाढत्या शहराबाहेर वीस-पंचवीस किलोमीटर गेले की एक दृश्य हमखास आढळते. ज्या वावरात परवापर्यंत ज्वारी उभी होती, तेथे चुन्याच्या पांढऱ्या रेघा ओढलेल्या असतात, सिमेंटचे चार खांब रोवलेले असतात आणि रस्त्याकडे तोंड करून फलक उभा असतो : ‘एक गुंठा, सुलभ हप्ते, स्वतंत्र सातबारा’. रविवारी सकाळी तेथे मोटारी येऊन थांबतात. त्यांतून उतरणारी माणसे बड्या भांडवलदारांपैकी नसतात. शिक्षक, परिचारिका, एस.टी.चा वाहक, कारखान्यातला फिटर, निवृत्तीला पाच-सात वर्षे उरलेला लिपिक, असा हा समुदाय असतो. आयुष्यभराची शिल्लक एका तुकड्यात घालण्यासाठी ही माणसे आलेली असतात.

या माणसाकडे पाहण्याच्या दोन दृष्टी डाव्या चळवळीत प्रचलित आहेत आणि दोन्ही अपुऱ्या आहेत. पहिली दृष्टी त्याला सट्टेबाज ठरवून मोकळी होते. जमिनीवर राबणाऱ्याचाच तिच्यावर हक्क. बसल्या जागी भाव वाढण्याची वाट पाहणारा तो परोपजीवी, असा तिचा युक्तिवाद असतो. दुसरी दृष्टी बोलून दाखविली जात नाही, आचरली जाते. सभेत पहिला युक्तिवाद मांडायचा आणि घरच्या शिलकीतून गावाबाहेर एखादा गुंठा घेऊन ठेवायचा! चळवळीतल्या अनेक घरांत असा गुंठा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्या गोष्टीविषयी उघड बोलता येत नाही, तिच्याविषयी धड विचारही होत नाही. म्हणून हा हिशेब एकदा स्वच्छ मांडला पाहिजे.

माणसे जमिनीकडे का वळतात? महाराष्ट्र शासनाच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना जुन्या पद्धतीचे निवृत्तिवेतन नाकारण्यात आले; त्यासाठी मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप करावा लागला. खासगी क्षेत्रातील कामगारासाठी १९९५ ची योजना आहे. तिच्याखाली मिळणारे किमान निवृत्तिवेतन २०१४ मध्ये ठरले ते दरमहा एक हजार रुपये. असंघटितांना तेवढाही आधार नाही. ठेवीवरचे व्याज महागाई खाते, पतसंस्था बुडाल्याच्या आठवणी गावोगाव ताज्या आहेत, शेअर बाजाराची भाषा परकी वाटते. जमीन मात्र डोळ्यांना दिसते आणि पायाखाली लागते. म्हातारपणाची जबाबदारी समाजाने झटकली की माणूस ती जमिनीच्या तुकड्यावर टाकतो. या माणसाला लोभी म्हणून हिणवणे सोपे आहे. परंतु त्यात न्याय नाही आणि राजकीय शहाणपणही नाही.

आता आकड्यांकडे वळू. एका एकराचे चाळीस गुंठे आणि एका गुंठ्याचे १,०८९ चौरस फूट. समजा, शेतकऱ्याने एकर चाळीस लाखांना दिला, म्हणजे गुंठ्याला एक लाख. रस्त्यांसाठी व मोकळ्या जागेसाठी दहा गुंठे सोडले तर विकायला तीस उरतात. ते तीन लाखांच्या भावाने गेले तर नव्वद लाख होतात. मुरूम, कुंपण, जाहिरात, दलाली आणि कचेऱ्यांतले ‘चहापाणी’ यांवर दहा लाख खर्च धरला तरी मधल्या माणसाजवळ चाळीस लाख राहतात. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणाऱ्याला मिळाले तेवढेच. यातली खरी मेख पुढे आहे. मधल्या माणसाने स्वतःच्या खिशातून बहुधा फक्त इसार दिलेला असतो. बाकीची रक्कम तो गुंठे घेणाऱ्यांच्या हप्त्यांतून शेतकऱ्याला चुकती करतो. भांडवल लिपिकाचे, जमीन शेतकऱ्याची आणि नफा तिसऱ्याचाच, असा हा व्यवहार आहे.

गुंठा घेणाऱ्याच्या पदरात तरी काय पडते? ‘दहा वर्षांत दुप्पट’ हे आश्वासन ऐकायला मोठे वाटते. चक्रवाढीच्या हिशेबाने तो दर वर्षाला सव्वासात टक्क्यांच्या आतच भरतो. टपाल खात्याच्या किसान विकास पत्राने एप्रिल २०२३ मध्ये ठरलेल्या दराने ११५ महिन्यांत, म्हणजे दहा वर्षांच्या आतच, रक्कम दुप्पट करून देण्याची हमी दिली होती, तीही सरकारची. भूखंडाच्या खरेदीवर मुद्रांक शुल्क व नोंदणी फी मिळून साधारणपणे सहा ते आठ टक्के जातात, ते वेगळेच. शिवाय विकायची वेळ येते ती आजारपणात किंवा मुलीच्या लग्नात. आणि अडलेल्याला भाव मिळत नाही. काही गुंठे दसपट होतात, हे खरे. त्यांच्याच कथा चहाच्या टपरीवर ऐकू येतात. जे गुंठे वीस वर्षे बाभळीखाली पडून राहिले, त्यांची कथा कोणी सांगत नाही.

याहून मोठा धोका कागदाचा. फलकावर ‘स्वतंत्र सातबारा’ असे लिहिले म्हणजे मालकी निर्वेध झाली, असा समज सार्वत्रिक आहे. सातबारा हा मुळात महसुलाचा उतारा आहे. त्यावरून मालकीचे अनुमान होते, मालकी सिद्ध होत नाही. ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचा बोजा, कुळाचे नाव किंवा न्यायालयातला दावा दडलेला असू शकतो. भोगवटादार वर्ग दोनची जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून हस्तांतरित होत नाही. कित्येक महार वतने, देवस्थान इनामे आणि सरकारने भूमिहीनांना वाटलेल्या जमिनी या वर्गात मोडतात. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीने घेण्यावर तर कायद्याची वेगळीच बंदी आहे. १९४८ च्या कूळकायद्याने जो शेतकरी नाही त्याला शेतजमीन सहसा घेता येत नाही. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकड्याची खरेदी निषिद्ध ठरविली. त्यावर पळवाट निघाली ती सामाईक सातबाऱ्याची. दहा-अकरा अनोळखी माणसांची नावे एका गटावर लागतात. कोणाचा तुकडा कोठे, हे केवळ त्या चुन्याच्या रेघांवरून ठरते. एका पावसाळ्यात रेघा पुसल्या जातात आणि दिवाणी दावा उभा राहतो. काही ठिकाणी खरेदीखताऐवजी साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र हाती ठेवले जाते. अशा कागदांनी मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये निःसंदिग्ध शब्दांत सांगितले आहे. तरीही ते कागद होतच आहेत.

शेतकऱ्याची बाजूही तपासली पाहिजे. शहरालगतच्या शेतकऱ्याच्या मुलाला ‘गुंठामंत्री’ म्हणून हसण्याची मध्यमवर्गाला सवय लागली आहे. गळ्यातली सोन्याची साखळी आणि दारातली मोटार दिसते. शेती तोट्याची झाल्यामुळे, विहिरीचे पाणी आटल्यामुळे किंवा सोसायटीचे कर्ज थकल्यामुळे झालेली विक्री दिसत नाही. एकदाच मिळालेला पैसा घर, लग्न आणि गाडी यांत पाच वर्षांत संपतो. त्यानंतर त्याच जमिनीवरच्या इमारतीत तोच मुलगा पहारेकरी म्हणून उभा राहतो. व्यवहारापूर्वी घरातल्या बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते, हा या कहाणीतला सर्वांत कमी बोलला जाणारा भाग. १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये संसदेने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध वाटा दिला. कायद्याने दिलेला हा वाटा साडीचोळीच्या मोबदल्यात परत घेतला जातो. आणि जिच्या कुंकवाशिवाय शेताची पूजा होत नव्हती, तिला विक्रीच्या रकमेतली दमडीही दिसत नाही.

मग भाव वाढतो तो कशामुळे? शेतकऱ्याने खत घातले म्हणून नव्हे, लिपिकाने पैसे गुंतवले म्हणून नव्हे, आणि मधल्या माणसाने फलक लावला म्हणूनही नव्हे. जवळून महामार्ग गेला, जलवाहिनी आली, वसाहतीत कारखाने आले, शाळा उघडली. म्हणजे समाजाने आपल्या करांतून आणि श्रमांतून काही उभे केले, म्हणून भाव वाढला. जॉन स्टुअर्ट मिलने या अनर्जित वाढीवर समाजाचा हक्क सांगितला. हेन्री जॉर्जने १८७९ मध्ये तोच विचार अधिक टोकाला नेला. तो समजण्यासाठी समाजवादी असण्याचीही गरज नाही. रस्त्याची घोषणा होण्याच्या आधी जमिनी कोणी घेतल्या, एवढे पाहिले तरी पुरे. ज्याला नकाशा आधी कळतो तो श्रीमंत होतो. लिपिकाला तो सर्वांत शेवटी कळतो, आणि तोवर भाववाढ किमतीत जमा झालेली असते.

राज्यकर्त्यांनी यावर केले काय? नागरी जमीन कमाल धारणेचा कायदा १९७६ मध्ये झाला, सवलतींच्या भोकांतून गळत राहिला आणि महाराष्ट्रात २००७ मध्ये रद्द झाला. गुंठेवारी वसाहती नियमित करण्याचा कायदा २००१ मध्ये आला. त्याची मर्यादा १ जानेवारी २००१ होती. २०२१ मध्ये ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढविण्यात आली. १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातले नागरी क्षेत्रांतील तुकड्यांचे व्यवहार विनाशुल्क नियमित करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. फसलेल्या कुटुंबांना यातून दिलासा मिळतो, आणि त्याला विरोध करणे निष्ठुरपणाचे ठरेल. परंतु मुदतीची रेघ दर काही वर्षांनी पुढे सरकते, याचा अर्थ दलालाला बरोबर समजतो : आज बेकायदा विका, उद्या नियमित होईल. आणि कागद नियमित झाल्याने गटार होत नाही, नळाला पाणी येत नाही. त्यासाठी खर्च करायची वेळ येते तेव्हा नफा घेणारा केव्हाच दुसऱ्या गावी चुना टाकायला गेलेला असतो.

दुसरी वाट नाही असे मात्र नाही. नवी मुंबईसाठी जमिनी घेतल्या गेल्या, तेव्हा दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण-पनवेलचा शेतकरी उठला. जानेवारी १९८४ मध्ये पाच शेतकऱ्यांनी गोळीबारात प्राण दिले. त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व सरकारला मान्य करावे लागले. जमीन गेली तरी तिच्या भावी भाववाढीत मूळ धारकाचा वाटा असतो, हे त्या रक्ताने प्रस्थापित केले. पुण्याजवळ हडपसरला मगरपट्ट्यातील सुमारे सव्वाशे शेतकरी कुटुंबांनी चारशेहून अधिक एकर जमीन एकत्र केली आणि स्वतःच कंपनी काढून वसाहत उभारली. या दोन्ही उदाहरणांना मर्यादा आहेत. उरण परिसरात अनेकांचे भूखंड हाती पडण्यापूर्वीच दलालांकडे गेले. आणि अशा योजनांत वाटा मिळतो तो सातबाऱ्यावर नाव असलेल्याला, बांधावर राबणाऱ्या मजुराला नव्हे. तरी मधल्या माणसाला बाजूला सारता येते, एवढे या उदाहरणांनी सिद्ध झाले. १९६६ च्या नगररचना कायद्यात नगररचना योजनेची तरतूद आहे. तिच्यात जमिनी एकत्र करून, रस्ते व मैदाने काढून, उरलेले भूखंड मूळ धारकांना परत देता येतात आणि भाववाढीचा काही भाग सुधारणांसाठी वसूल करता येतो. हत्यार कायद्याच्या पुस्तकात आहे. ते हाती घेण्याची इच्छा नाही.

कार्यकर्त्यांपुढची कामे यातूनच निघतात. पहिले काम अगदी साधे आहे. तालुक्याच्या गावी आठवड्यातून एक दिवस तरी एखाद्या कार्यकर्त्याने बसावे आणि येईल त्याचा सातबारा, फेरफार, बिनशेतीचा आदेश व मंजूर रेखांकन वाचून दाखवावे. इसार देण्याआधी तीस वर्षांचा शोध आणि सरकारी मोजणी का हवी, हे समजावावे. पाचशे चौरस मीटरहून मोठ्या क्षेत्रावर किंवा आठांहून अधिक भूखंड पाडून विक्री होत असेल तर २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याखाली नोंदणी आहे की नाही, ते पाहून द्यावे. दुसरे काम, हक्कसोडपत्रावर सही करण्यापूर्वी बहिणींना त्यांचा वाटा किती, हे सांगण्याचे. यात गावातले हितसंबंध दुखावतील, प्रसंगी स्वतःच्या घरातलेही. ते पत्करावे लागेल. तिसरे, शहरालगतच्या ग्रामसभांतून नगररचना योजनेची मागणी उभी करण्याचे. तिच्यात मजुरांच्या घरांसाठी राखीव जागा असलीच पाहिजे. आणि चौथे, निवृत्तिवेतनाचा लढा. म्हातारपणाची शाश्वती मिळाली तर त्या रविवारच्या मोटारींपैकी निम्म्या घरीच राहतील.

सुप्याच्या शेतकऱ्यांनी १८७५ मध्ये सावकाराच्या घरातले कर्जरोखे बाहेर काढून जाळले, कारण त्या कागदांत काय लिहिले आहे हे त्यांना वाचता येत नव्हते आणि त्यांच्या जमिनी मात्र त्या कागदांवरूनच जात होत्या. दीडशे वर्षे झाली. शेतकऱ्याला आणि लिपिकाला अक्षर आले. पण साठेखतातली कलमे दोघांनाही अजून दलालच वाचून दाखवतो. ते वाचून दाखवण्याची जागा कार्यकर्त्याने घेतली, तर जमिनीच्या प्रश्नावरची पुढची सभा भरविण्यासाठी श्रोते शोधावे लागणार नाहीत.