हे कुणी लिहिलं, कुणाला आणि कशासाठी?

जानेवारी २०२४ची गोष्ट. आमच्या मोहल्ल्यातल्या हॉलमध्ये मी फातिमा शेख यांच्यावर भाषण केलं. जन्मतारीख, ‘भारतातील पहिली मुस्लिम शिक्षिका’ हा किताब, दोन-चार प्रसंग, सगळं ठासून सांगितलं. टाळ्या मिळाल्या. मग बारावीतल्या एका मुलीनं हात वर केला. “आपा, ही तारीख कुठे लिहिलीय?” मी म्हणाले, “सगळ्यांना माहीत आहे.” ती गप्प बसली. घरी येऊन शोधलं तर माझ्याकडे पुरावा म्हणून एक व्हॉट्सअ‍ॅप मेसेज होता.

वर्षभरानं, जानेवारी २०२५मध्ये, एका लेखकानं समाजमाध्यमावर जाहीर केलं की फातिमा शेख हे पात्र आपणच रचलं. माझ्या ग्रुपवर शिव्यांचा पाऊस पडला. मूळ कागद काय म्हणतो, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही, निदान पहिल्या दिवशी.

मूळ कागद आहे. १० ऑक्टोबर १८५६ रोजी सावित्रीबाईंनी माहेराहून, नायगावहून, जोतीरावांना लिहिलेलं पत्र. डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या सावित्रीबाईंच्या समग्र वाङ्मयात ते १९८८ सालीच छापलं गेलं. तेव्हा कुणाच्या हातात मोबाइल नव्हता.

आता विचारा, हे पत्र कशासाठी लिहिलं? सावित्रीबाई आजारातून उठत होत्या. नवऱ्यानं काळजी करू नये, बरं वाटलं की आपण पुण्याला येऊ, हे त्यांना कळवायचं होतं. त्या ओघात त्या लिहितात की फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही. पुढे भावाशी झालेला वाद येतो. फातिमा कोण, हे त्या सांगत नाहीत. कारण वाचणाऱ्याला ते ठाऊक आहे. आपल्या गैरहजेरीत कामाचा भार जिच्यावर पडतो, अशी ती घरच्यासारखी सोबतीण. हे वाक्य कुणाला पटवण्यासाठी लिहिलेलं नाही, म्हणूनच ते इतकं वजनदार आहे. त्यात जन्मतारीख नाही, ‘पहिली’ हा किताबही नाही. ते आपण चिकटवलं.

आपण ते का चिकटवलं? माझ्या भाषणालाही उद्देश होताच: ‘आम्हीही होतो’ हे शेजाऱ्यांना सांगायचं. या उद्देशाची मला लाज वाटत नाही. पण त्यानंच माझे डोळे बांधले. हवी तशी तारीख मिळाली आणि मी ती घेतली.

शाळेत ‘लेखकाचा उद्देश लिहा’ हा प्रश्न आपण गाइडमधून पाठ केला आणि परीक्षेनंतर विसरलो. आता उरला एकच प्रश्न: लिहिणारा आपला की त्यांचा? नाव बघून आपण मान डोलावतो किंवा दात ओठ खातो. याला आपण कौमची कळकळ म्हणतो. मी याला आळस म्हणते.

काही मित्र म्हणतील, “लोक आपलं अस्तित्वच पुसायला निघालेत, आणि तू तारखा तपासतेस?” होय, म्हणूनच तपासते. कच्ची तारीख पडली की तिच्या आडून पक्कं पत्रही पाडलं जातं. ती संधी आपणच देतो.

उद्देश विचारणं म्हणजे संशय घेणं नव्हे. उद्देश प्रत्येकाला असतो आणि तो असला म्हणून मजकूर खोटा ठरत नाही. मात्र लिहिणाऱ्याला काय हवं होतं हे कळलं, की त्यानं काय फुगवलं आणि काय सहज सांगून टाकलं, हे दिसायला लागतं. हाच नियम स्वतःलाही लावा. पोस्ट टाकण्याआधी एका ओळीत लिहा: मला कुणाला, काय आणि का सांगायचंय? उत्तर फक्त ‘त्यांना गप्प करायचंय’ असेल, तर ती पोस्ट रात्रभर तशीच ठेवा.

पुढच्या भाषणात मी तारीख गाळली आणि ते पत्र वाचून दाखवलं. टाळ्या कमी पडल्या. त्याच मुलीनं मात्र पुस्तक मागून घेतलं. अजून परत केलेलं नाही. तुम्हाला हवं असेल तर तिच्यामागे नंबर लावा.