विकाऊ घरांची यादी कोणाच्या मालकीची?

अमेरिकेच्या मिसुरी राज्यातील कॅन्सस सिटी येथे ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी एका ज्युरीने घरविक्रीच्या धंद्यातील दलालांविरुद्ध निर्णय दिला व सुमारे १७८ कोटी डॉलरची नुकसानभरपाई ठरविली. घर विकणाऱ्या सामान्य कुटुंबांची तक्रार अशी होती की, ‘नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स’ ही दलालांची राष्ट्रीय संघटना आणि काही बड्या कंपन्या यांनी संगनमताने दलालीचा दर चढा ठेवला आहे. मार्च २०२४ मध्ये संघटनेने ४१ कोटी ८० लाख डॉलर देण्याचे कबूल करून तडजोड केली. आकडे मोठे असल्यामुळे बातमीही त्यांचीच झाली. वस्तुतः या खटल्याच्या मुळाशी एक निराळाच प्रश्न होता आणि मुंबई-पुण्यात डोक्यावर छप्पर शोधत हिंडणाऱ्या प्रत्येकाशी त्याचा संबंध आहे. शहरात कोणकोणती घरे विकाऊ आहेत, ही माहिती कोणाच्या मालकीची?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन शहरांतील दलाल आपल्या मंडळाच्या कचेरीत नियमाने जमत आणि आपल्याकडे विक्रीस आलेल्या घरांची माहिती एकमेकांना देत. एकाकडचे घर दुसऱ्याच्या गिऱ्हाइकाने घेतले तर दलाली दोघांनी वाटून घ्यावयाची, असा साधा करार होता. १९०८ साली शिकागो येथे राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि पुढे या पद्धतीला ‘मल्टिपल लिस्टिंग सर्व्हिस’ हे नाव रूढ झाले. छापील पुस्तकांच्या जागी संगणकातील सामायिक यादी आली. आज तेथे अशा स्थानिक याद्या पाचशेच्या आसपास असून त्यांपैकी बहुतेक दलालांच्या मंडळांच्याच ताब्यात आहेत.

ही पद्धत मुळात वाईट नाही, हे प्रथमच सांगून टाकणे न्यायाचे होईल. एका दलालाकडे गेलेल्या माणसाला गावातील जवळजवळ सगळी विकाऊ घरे दिसतात. एकच सदनिका सात दलालांच्या जाहिरातींत सात किमतींना पाहून थकलेल्या आपल्या वाचकांना याचा हेवाच वाटेल. परंतु हे सहकार्य दलालांचे दलालांशी होते. यादी भरली ती हजारो घरमालकांनी दिलेल्या माहितीने, आणि किल्ली मात्र राहिली मंडळाच्या खिशात.

या किल्लीचा उपयोग कसा झाला ते पाहण्यासारखे आहे. संघटनेचा नियम असा होता की, घर यादीत घालावयाचे तर खरेदीदाराचे गिऱ्हाईक आणणाऱ्या दलालाला किती वाटा मिळेल, हे त्या नोंदीतच जाहीर केले पाहिजे. एकंदर दलाली बहुधा किमतीच्या पाच ते सहा टक्के असे आणि ती विकणाऱ्याच्या पैशातून दोघा दलालांत वाटली जाई. म्हणजे चार लाख डॉलरच्या घरावर सहा टक्क्यांनी चोवीस हजार डॉलर. आता एखाद्या घरमालकाने दुसऱ्या दलालाला तीनऐवजी एकच टक्का देऊ केला तर काय होईल? त्याचे घर यादीत दिसेल. पण ते गिऱ्हाइकाला दाखविण्याची उत्सुकता कोणालाच राहणार नाही. बोस्टन परिसरातील व्यवहारांचा अर्थशास्त्रज्ञांनी केलेला अभ्यास हेच सांगतो की, कमी दलाली देऊ करणारी घरे विकली जाण्यास अधिक वेळ लागतो. दर ठरविणारा ठराव कोठेही करावा लागत नाही. तसा ठराव बेकायदा आहे हे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९५० सालीच वॉशिंग्टनच्या मंडळाच्या प्रकरणात सांगितले होते. लेखी दरपत्रके गेली, पण दर जागचा हलला नाही.

बाजारात माहिती ज्याच्या हाती, नफा त्याच्या पदरी, हे शिकविण्यासाठी पाठ्यपुस्तकांत नेहमी जुन्या मोटारींचे उदाहरण देतात. घरांचे उदाहरण अधिक बोलके आहे. स्टीव्हन लेव्हिट व चॅड सायव्हर्सन या दोघांनी २००८ साली शिकागो परिसरातील घरविक्रीचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. दलाल स्वतःचे घर विकतो तेव्हा ते गिऱ्हाइकाच्या तशाच घरापेक्षा सुमारे साडेनऊ दिवस अधिक बाजारात ठेवतो आणि सुमारे पावणेचार टक्के अधिक किंमत मिळवितो, असे त्यांना आढळले. यात दलालाच्या नीतिमत्तेचा प्रश्न नाही, हिशेबाचा आहे. किंमत दहा हजार डॉलरनी वाढली तर घरमालकाला त्यांतले बहुतेक मिळतात. दलालाचा तीन टक्के वाटा त्याच्या कंपनीबरोबर निम्मा वाटला गेला तर त्याच्या हाती दीडशे डॉलर येतात. दीडशे डॉलरसाठी कोण पंधरवडा थांबेल?

‘खरेदीदाराला दलाल फुकट मिळतो, पैसे विकणारा देतो’ असे तेथे वर्षानुवर्षे सांगितले गेले. आपल्या बाजार समित्यांच्या चळवळीतील कार्यकर्त्यांना हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने फळे-भाजीपाल्यावरील अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरविले, तेव्हा व्यापाऱ्यांनी बंद पुकारला. निर्णय योग्यच होता. तथापि पट्टीवर अडत कोणाच्या नावे लिहिली, यावरून ती अखेर कोणाच्या खिशातून गेली हे ठरत नाही. ज्याला थांबणे परवडत नाही त्याच्याच खिशातून ती जाते. नासका माल घेऊन उभा असलेला शेतकरी आणि भाड्याच्या घराची मुदत संपत आलेला खरेदीदार हे दोघेही त्या बाबतीत एकाच रांगेतले.

किल्लीचा आणखी एक उपयोग झाला, आणि तो पैशापेक्षाही लाजिरवाणा. ज्या वंशाच्या वा राष्ट्रीयत्वाच्या माणसांच्या येण्याने वस्तीतील मालमत्तेच्या किमती उतरतील, अशांना दलालाने तेथे आणू नये, असे कलम संघटनेने १९२४ साली आपल्या आचारसंहितेत घातले. ते १९५० पर्यंत टिकले. घरांच्या व्यवहारातील भेदभावाला बंदी करणारा कायदा १९६८ साली आला, आणि संघटनेच्या अध्यक्षांनी या इतिहासाबद्दल जाहीर क्षमा मागितली ती २०२० साली. ‘फक्त शाकाहारी कुटुंबाला’ किंवा ‘सोसायटीला चालणार नाही’ हे शब्द मुंबईच्या दलालाकडून ऐकून जिना उतरलेल्या दलित व मुसलमान वाचकांना याहून अधिक सांगावयास नको. कोणते घर कोणाला दाखवायचे हे जेथे खासगीत ठरते, तेथे भेदभावाचा पुरावा सापडतच नाही.

आता तडजोडीनंतरची स्थिती. १७ ऑगस्ट २०२४ पासून यादीतील नोंदीत दुसऱ्या दलालाचा वाटा छापण्यास बंदी झाली आणि घरे पाहण्यापूर्वी खरेदीदाराने आपल्या दलालाशी लेखी करार करावा असे ठरले. एवढ्याने दलालीचा प्रश्न थोडा उघड्यावर आला, परंतु यादी होती त्याच हातांत राहिली. उलट, नवा धोका वाढला आहे तो यादी फुटण्याचा. मोठ्या दलाली कंपन्या आपल्याकडची घरे प्रथम आपल्याच गिऱ्हाइकांना खासगीत दाखवू इच्छितात. कंपास ही त्यांतील एक बडी कंपनी; अशा रीतीने विकावयास काढलेली घरे आपल्या संकेतस्थळावर येऊ न देण्याचा नियम झिलोने केला, तेव्हा जून २०२५ मध्ये तिने झिलोवर दावा गुदरला. दोन भांडवलदार यादीसाठी भांडत आहेत आणि घरमालक व खरेदीदार बाहेर ओटीवर बसले आहेत! टेक्सससारख्या काही राज्यांत तर विक्रीची किंमत सरकारी दप्तरात जाहीर करण्याची सक्तीच नाही. तेथे घर खरोखर कितीला गेले हे दलालांच्या यादीतच कळते.

या बाबतीत आपल्या हाती एक मौल्यवान वस्तू आहे आणि आपण तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. शिकागोची संघटना जन्मली त्याच १९०८ सालचा आपला नोंदणी कायदा आहे. त्याच्या ५७व्या कलमाप्रमाणे दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातील सूची क्रमांक दोन फी भरून कोणीही पाहू शकतो. झालेल्या व्यवहाराची किंमत त्यात असते. रोख दिलेला काळा हिस्सा नसतो, हे उघड आहे. पण ही झाली विकल्या गेलेल्या घरांची नोंद. विकावयाच्या घरांची नोंद सरकारदरबारी कोठेही नाही. २०१६च्या स्थावर संपदा कायद्याने महारेराकडे नव्या प्रकल्पांची जाहीर नोंद आली, त्या प्रकल्पांचे व्यवहार करणाऱ्या दलालांना नोंदणीची आणि नंतर परीक्षेचीही अट लागली. जुन्या इमारतीतील पुनर्विक्रीची सदनिका मात्र या सर्वांच्या बाहेर राहिली, आणि गिरणगावातला वा पिंपरीतला कामगार बहुधा तीच घेऊ शकतो.

यास्तव आमची सूचना अशी की, नोंदणी विभागाने सूची क्रमांक दोनच्या शेजारीच विकाऊ घरांची सार्वजनिक नोंद उघडावी. मालकाने स्वतः, अथवा त्याच्या लेखी संमतीने दलालाने, घर तेथे नोंदवावे. क्षेत्रफळ, मागितलेली किंमत, मागील विक्रीचा दस्तक्रमांक आणि दलाल असल्यास त्याचा दर, एवढे त्यात असावे. सक्ती प्रथम सरकारी व सहकारी संस्थांनी दिलेल्या जमिनींवरील घरांपुरती करता येईल, कारण तेथे जनतेचा वाटा आधीच गुंतलेला आहे.

सरकारी यादी बाजारातील यादीइतकी चपळ असणार नाही, हा आक्षेप खरा आहे. घर दाखविणे, कागदपत्रे जुळविणे, बँकेत खेटे घालणे ही मेहनत दलाल करतो आणि तिचा मोबदला त्याला मिळालाच पाहिजे. नाक्यावर टेबल टाकून बसलेला एजंट आपला शत्रू नव्हे. बड्या कंपन्यांची संकेतस्थळे त्याच्याकडूनही जाहिरातीचे पैसे उकळतातच. सार्वजनिक यादी झाली तर तिचा पहिला फायदा त्यालाच होईल.

पक्षाच्या शहर शाखांनी या पावसाळ्यात एवढे करावे: आपल्या विभागातील दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन गेल्या वर्षभरातील पुनर्विक्रीच्या शंभर दस्तांच्या किमती उतरवून घ्याव्यात, त्या खरेदीदारांना भेटून दलाली किती दिली ते विचारावे, आणि तो तक्ता या साप्ताहिकाकडे पाठवावा. आमदारांपुढे ठेवण्यासाठी आज आपल्याजवळ असा एकही तक्ता नाही.