चेलोची चाकरी

हायडनच्या पियानो-त्रयींविषयी आमच्या मनात बरीच वर्षे एक ग्रह ठाण मांडून बसला होता. या रचनांत पियानो, व्हायोलिन व चेलो अशी तीन वाद्ये असतात खरी. परंतु चेलोवादकास पियानोच्या डाव्या हाताची सावली होऊन वावरण्यापलीकडे काम ते काय? बोझार ट्रिओने १९७० च्या दशकात या त्रयी ध्वनिमुद्रित केल्या. मेनाहेम प्रेस्लर यांचा पियानो त्यांत किती खेळकर, किती चोख! पण बर्नार्ड ग्रीनहाउस यांच्यासारखा जातिवंत चेलोवादक तेथे आम्हांस पंक्तीतील वाढप्यासारखा वाटे. चूक हायडनची, असे आम्ही ठरवून टाकले होते.

हा ग्रह फिटला तो रॉबर्ट लेविन, व्हेरा बेथ्स व आनर बिल्स्मा यांनी १९९० च्या दशकात केलेल्या अखेरच्या चार त्रयींच्या मुद्रणाने. येथे वाद्ये हायडनच्या काळच्या घडणीची. फोर्टेपियानोची चौकट लाकडी, लोखंडाचा भार नाही, हातोड्यांवर लोकरीच्या नमद्याऐवजी चामडे, तारा बारीक. स्वर स्पष्ट उमटतो आणि लवकर विरतो; खर्जालाही आजच्या पियानोची घनगंभीर आस नाही. नेमका तेथेच चेलो हवा! त्याचा गज तो विरणारा स्वर धरून ठेवतो, त्यास अंग देतो. पुढे पियानो बलदंड झाला, आधाराची गरज सरली, आणि आधार देणारा निरुद्योगी दिसू लागला.

लंडनमधील पियानोवादिका थेरेसे जान्सेन यांना अर्पण केलेल्या तीन त्रयी १७९७ साली प्रसिद्ध झाल्या. त्यांतील ई मेजरची त्रयी वाचकांनी अवश्य ऐकावी. आरंभी व्हायोलिन व चेलो गज न लावता बोटांनी तारा छेडतात. आजच्या पियानोशेजारी ही छेड पोरकी वाटते. येथे तातीची छेड आणि चामड्याचा हातोडा एकमेकांत असे मिसळतात की कोणता स्वर कोणाचा, हे क्षणभर कळू नये.

अशा मुद्रणाचे कष्ट मात्र वेगळेच. लाकडी चौकट हवेबरोबर हलते, तातीच्या तारा दमटपणाने उतरतात (पावसाळ्यात सारंगी जुळवणाऱ्यांस हे सांगणे नको!). सकाळी वाजविलेला तुकडा दुपारच्या तुकड्यास जोडावयाचा, तर स्वर किंचितही सरकून चालत नाही; म्हणून सूर लावणारा कारागीर सतत हाताशी ठेवावा लागतो. ध्वनिग्राहक जवळ नेला तर कळांची खटखट येते, दूर नेला तर दिवाणखान्यातले संगीत देवळाच्या घुमटात गेल्यासारखे होते. आमचे मत विचाराल तर थोडी खटखट पत्करावी. फोर्टेपियानोचा आवाज फुगवून त्यास सभागृहातील पियानोच्या तोलाचा करणारी मुद्रणेही निघतात. त्यांत मग चेलो पुन्हा बुडतो. एवढा खटाटोप केला कशासाठी?

ऐकतानाही आवाजाची कळ निम्म्यावरच असू द्यावी. याच त्रयीच्या दुसऱ्या भागाच्या आरंभी तिन्ही वाद्ये एकच गंभीर चाल एकस्वराने चालतात. तेवढ्या अवधीत, सावली कोण आणि धनी कोण, हे आम्हांस अजून सांगता आलेले नाही.